पासंग

परळच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
अस्मा नावाची मुलगी फॉर्म घेऊन समोर बसते.
"आजोबा, फक्त मागच्या आठवड्याचं सांगायचं हं."
जिने चढताना त्रास: अजिबात नाही, थोडा, बराच, फार.
दुसऱ्यांवर अवलंबून राहावं लागलं का.
आणि शेवटी, एकंदर आयुष्याचा दर्जा,
एक ते सात, एका आकड्याला गोल.

मी म्हणालो, काटा तपासलाय का?

ती हसली. वाटलं, म्हातारा गंमत करतोय.
एकतीस वर्षं वजनमापे खात्यात होतो, पोरी.
भायखळ्याची भाजी, मस्जिद बंदरचं धान्य, ससून डॉकवरची कोळंबी,
कुणाचीही तागडी आधी रिकामी उचलायची,
दोन्ही पारडी थरथरून थांबेपर्यंत बघत राहायचं.
रिकामी असताना जी खोटं बोलते
ती भरल्यावर काय खरं बोलणार?

म्हणून आधी माझा शून्य लिही.
गुडघे गाठ सापडायच्या आधीपासून दुखतायत.
झोप कुमुद गेली त्या साली गेली.
हे कॅन्सरच्या पारड्यात टाकू नकोस.
त्याचं त्याला दे:
दर तीन महिन्यांनी पोटात टोचतात ते इंजेक्शन,
ज्यानं अंगातून एकाएकी जाळ उठतो,
मी पंख्याखाली सदऱ्याची बटणं काढत सुटतो
आणि सून मान वळवून भाजी निवडते.
बोंबलाला येणारी पितळेची चव.
पितळ मी ओळखतो. नोकरीत नवा असताना
पाचशे ग्रॅमचं प्रमाण वजन
एकदा जिभेला लावून पाहिलं होतं.
आणि ती चड्डी, जिला सून पॅड म्हणते,
नातू काहीच म्हणत नाही.

अस्मा लिहीत नव्हती. पेन टेकवून ऐकत होती.
बाहेर चौदा नंबर पुकारला. माझा एकोणतीस.

मागच्या खेपेला बाकावर शेजारी कोण असावं?
लखमशी गाला.
चौऱ्याऐंशी साली याच्या दुकानात
पारड्याखाली मेण सापडलं होतं मला, बोटाच्या पेराएवढं.
कोर्टात उभा केला होता त्याला.
आता नाकात नळी, गळ्याला मफलर, बोलणं वहीत.
त्यानं ओळखलं. लिहिलं,
"साहेब, आता बरोबर तोलतो."
खाली अजून एक ओळ:
"एकोणचाळीस किलो. शिक्का मारा."
आम्ही असे हसलो की सिस्टर पाणी घेऊन धावली.
त्याच्या हसण्याला आवाज नव्हता, नुसती नळी हलत होती.
मी त्या ओळीवर अंगठा दाबला, शाईशिवाय.
आज त्याच्या जागी कुणाची तरी छत्री आहे.
मी चौकशी केलेली नाही.

ती पाच मिनिटं कुठल्या चौकटीत भरशील?
मागच्या आठवड्यातली नाहीत, ठाऊक आहे.

डॉक्टरीणबाई म्हणतात, अजून एक कोर्स घेतला तर महिने वाढतील.
मुलगा म्हणतो, घ्या.
मी विचारलं, डब्यासकट की डबा सोडून?
दोघंही गप्प.

पासंग माहीत आहे तुला?
हलकं पारडं खाली यावं म्हणून दांडीला बांधलेला खडा.
गुन्हा. मी कितीतरी कापले, सुतळीसकट.
आता माझ्याच दांडीला लोंबतायत.
ब्रागांझाबाईंनी जिन्याच्या वळणावर
मला न विचारता ठेवलेली खुर्ची.
चारचा चहा, जो मी कुणाला करू देत नाही,
हात कापतो, साखर सांडते, मुंग्यांचं भागतं.
हे कापू? तूच सांग.

पाच लिही.
नको, थांब,
काटा अजून हलतोय.

एकोणतीस पुकारला.
उठताना तिनं हात पुढे केला, मी तो धरला.
तो मधला प्रश्न, दुसऱ्यांवर अवलंबून असण्याचा,
त्यात 'थोडा' लिही.